थंडीतली गरी, दांड्याच्या खडकावर

मे महिन्यात कुलूला जाऊन आलेली मंडळी परतल्यावर हमखास एक प्रश्न विचारतात. तीर्थन नदीत मांडीभर पाण्यात उभं राहून कुणीतरी लांबलचक दोर हवेत नागमोडी भिरकावत ट्राउट मासा पकडताना त्यांनी पाहिलेलं असतं. ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. मग विचारतात, आता थंडीत पुन्हा जावं का?

जाऊ नये. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, आणि काश्मीरमध्येही हिवाळाभर नदी बंदच. ट्राउट थंडीतच नदीतल्या गोट्यांमध्ये अंडी घालतो, म्हणून त्या काळात त्याला कुणी हात लावायचा नाही. हा मासा मुळात आपला नव्हेच. १९०० साली ब्रिटनहून बोटीनं आणलेली त्याची अंडी काश्मीरमध्ये रुजली, आणि १९०९ च्या सुमारास तो हिमाचलात पोचला.

पण ट्राउटची नदी ज्या चार महिन्यांत मिटते, नेमक्या त्याच चार महिन्यांत खार स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आपला समुद्र उघडतो. पावसाळ्यातला गाळ खाली बसलेला असतो आणि पहाटेचे मतलई वारे, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे वारे, पाणी सपाट ठेवतात. कार्टर रोड उत्तरेला जिथं संपतो, तिथून खारदांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. त्या पट्ट्यातल्या काळ्या खडकांवर ओहोटीला उभं राहून गरवता येतं. गरवणं म्हणजे गरीनं, गळ आणि दोरीनं, मासे पकडणं. कोकणातून आलेल्या घरात हा शब्द आपण ऐकलेला असेल.

हा लेख ज्यांनी कधीच गळ हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. नवखा माणूस पहिल्यांदा दुकानात जातो आणि रॉडवर पैसे घालतो. जाणता माणूस पहिल्यांदा कॅलेंडर बघतो.

ट्राउटचं सगळं गणित पाण्याच्या थंडाव्यावर चालतं. त्याला साधारण १० ते १५ अंशांचं पाणी मानवतं. त्याखाली तो सुस्तावतो, मग त्याच्या नाकापुढून गळ हळूहळू न्यावा लागतो, आणि दुपारी ऊन पडल्यावरच तो जरा हलतो. आपल्याकडे भर जानेवारीतही समुद्राचं पाणी २४-२५ अंशांच्या आसपास असतं. स्वेटर आपल्याला लागतो, माशाला नाही. इथल्या माशाचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांची जुनी रीत आहे आणि ती कागदाशिवाय जमते. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब एकच, दर पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. भरतीच्या वेळेपासून सव्वासहा तास मागे किंवा पुढे गेलं की पूर्ण ओहोटी.

हे गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक पडताळून घ्यावं. तरीही पाऊणपट शिकून घ्या असं मी आग्रहानं सांगतो, कारण मोबाइल वेळ सांगतो आणि तिथी पाण्याचा स्वभाव सांगते.

तो स्वभाव असा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी फार चढतं आणि फार उतरतं. मुंबईत हा फरक चार मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी जोरात धावतं तेव्हा तळाचा चिखल उठतो आणि सगळं गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी. तेव्हा पाणी निवळ दिसतं, पण त्यात ओढ नसते, आणि ओढ नसली की खाणं वाहून येत नाही, मासा जागचा हलत नाही. आपल्याला या दोहोंच्या मधले दिवस हवेत. उधाण ओसरलेलं, भांग अजून आलेला नाही. तृतीया ते षष्ठी हे दिवस सकाळच्या माणसाला सर्वांत सोयीचे.

चतुर्थी घेऊन पाहू. पूर्ण भरती दुपारी तीनला, म्हणजे पूर्ण ओहोटी पावणेनऊच्या सुमारास. आपण सव्वाआठला खडकावर पोचायचं, उतरलेलं पाणी नीट बघून घ्यायचं, नऊला पाणी वळलं की गळ टाकायचा, आणि साडेदहाला आवरतं घ्यायचं. कृष्ण पक्षातली चतुर्थी संकष्टी असते ही यातली खरी अडचण. मासा मिळायचा उत्तम दिवस आणि घरात मासा न शिजायचा दिवस एकच. त्यात मार्गशीर्षातले गुरुवारही याच हंगामात येतात. आमच्या घरी यावर तोडगा म्हणून पंचमीला जाण्याची पद्धत पडली आहे. पाणी पाऊण तास उशिरा वळतं, बाकी सगळं तेच.

आता सामान. रॉड असावाच असं नाही. दांड्यात अजूनही अनेकजण बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेल्या तंगुसानंच गरवतात. तंगूस म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी. हातानं गरवायचं तर ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचं घ्यावं, कारण बारीक दोरी बोटं कापते. रॉडला ०.३५ ते ०.४० पुरतं. निवळ पाण्यात जाड दोरी माशाला दिसते, म्हणून गळाजवळचा हातभर तुकडा नेहमी बारीक तंगुसाचा जोडावा. ट्राउटवालेही नेमकं हेच करतात.

गळाच्या आकड्यांत नवखे फसतात. ८, ६, ४, २ या क्रमात आकडा लहान होत जातो तसा गळ मोठा होतो, आणि १ नंतर उलटं सुरू होतं. १/०, २/०, ३/० असे वाढत जाणारे आकडे म्हणजे वाढत जाणारे गळ. पालूसारख्या लहान तोंडाच्या माशाला ६ किंवा ४ नंबर, तांब किंवा हेकरू मनात असेल तर १/० ते ३/०. दुकानदार मोठाच गळ गळ्यात मारतो. शंका असेल तर लहान घ्या. लहान गळाला मोठा मासा लागू शकतो, उलटं होत नाही.

ट्राउटला लावतात ती फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ. त्याला वजनच नसतं, म्हणून तिथं दोरच जाड आणि जड असतो आणि तो भिरकावून फ्लाय पुढे न्यावी लागते. कुलूत आपण पाहिलेलं नागमोडी दृश्य ते. आपल्याकडे वजनाचं काम शिसं करतं. ३० ते ५० ग्रॅमची शिशाची गोळी पुष्कळ झाली.

इथं पहिली मोठी चूक होते. शिसं आणि गळ एकाच जाड दोरीला बांधले जातात, शिसं खडकाच्या फटीत अडकतं, आणि ओढाओढीत सगळंच तुटून जातं. त्याऐवजी शिसं वेगळ्या, बारीक तंगुसाच्या तुकड्यानं बांधावं. अडकलं तर तेवढाच तुकडा तुटेल आणि गळ, आणि असेल तर मासाही, हाती राहील. सकाळभरात तीन-चार शिशं जातातच, ती हिशेबात धरून निघावं.

गाठ घरी शिकून जावी, खडकावर नव्हे. तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्या, मग टोक डोळ्यालगतच्या छोट्या फाशातून आणि तिथून नव्यानं झालेल्या मोठ्या फाशातून काढा. ओढण्यापूर्वी गाठीला थुंकी लावा. हे किळसवाणं वाटलं तरी सोडू नका. कोरडं नायलॉन ओढताना घासून तापतं आणि तिथंच कमजोर होतं. मासा सुटला की लोक दोरीला दोष देतात. तुटलेलं टोक कुरळं दिसलं तर गाठ सुटली आहे, दोरी तुटलेली नाही, एवढं ओळखता यावं.

आमिष सकाळी दांड्याच्या बाजारातच घ्यावं. मावशींना सांगावं की गरीला हवंय, मग त्या मऊ पडलेली कोळंबी स्वस्तात देतात आणि वर दोन सल्ले फुकट देतात. ते ऐकावेत. काल कुठं काय लागलं हे त्यांना आपल्या मोबाइलपेक्षा जास्त ठाऊक असतं. कोळंबी, माकूळ आणि बोंबलाचा तुकडा ही तीन आमिषं पुरेत. कोळंबी सालासकट शेपटीकडून ओवावी आणि गळाचं टोक किंचित बाहेर राहू द्यावं. माकूळ चिवट असल्यानं लाटांत टिकतो. बोंबील मात्र पाण्यात विरघळल्यासारखा सुटतो, त्याला शिवणाचा दोरा गुंडाळावा. उरलेली मऊ कोळंबी रात्रभर मीठ लावून ठेवली की घट्ट होते.

खडकावर उतरण्याआधी पायात काय आहे ते बघा. चपला नकोत. या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे बंद बूट हवेत. काळा कोरडा खडक विश्वासाचा, हिरवा ओला खडक कधीच नाही. शेवाळावर पाय टाकणं टाळता येत नसेल तर ती जागा आपली नव्हे.

यापुढचा भाग कृपया दोनदा वाचा. भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं. खडकाळ किनाऱ्यावर ती मागून येते. आपण समुद्राकडच्या उंच खडकावर उभे असतो आणि किनाऱ्याकडची सखल घळ आधी भरते. समोर पाहत बसलेल्या माणसाला परतीची वाट बुडाल्याचं कळतच नाही. खडकांवर माणसं अशीही बुडतात.

पाणी एकसारखं चढत नाही हे त्यामागचं कारण. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक, असा ढोबळ हिशेब आहे. त्या दिवशीचा चढ तीन मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर वर येतं. माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या तासात आणखी ५०, तिसऱ्यात ७५. म्हणजे तीन तासांत दीड मीटर, माणसाच्या छातीच्याही वर. म्हणूनच वर पावणेदोन तासांनी आवरायला सांगितलं. उतरताना मागच्या घळीतला एक ओळखीचा दगड हेरून ठेवावा. तो ओला होऊ लागला की मासा लागलेला असो वा नसो, निघावं. एकट्यानं जाऊ नये. उधाणाच्या दिवशी नवख्यानं खडकावर उतरूच नये.

जागा निवडताना लांब बघू नका. नवखा माणूस सगळा जोर लावून क्षितिजाकडे फेकतो. मासा बहुतेक वेळा आपल्या पायापासून दहा-पंधरा मीटरवर, खडक संपून वाळू किंवा चिखल लागतो त्या कडेला असतो, कारण चढतं पाणी खडकांतले खेकडे, करंदी, किडे तिथंच आणून टाकतं. ओहोटीच्या तळाला लवकर पोचायचं ते यासाठीच. तेव्हा त्या कडा उघड्या दिसतात. कुठं घळ आहे, कुठं खड्डा आहे, ते लक्षात ठेवायचं आणि पाणी वर आलं की तिथंच गळ सोडायचा. नाल्याच्या तोंडाशीही मासे जमतात. तिथले मी खात नाही. कोळीवाड्याची होडी धक्क्याला लागत असेल किंवा पाण्यावर जाळ्याचे तरंगते डबे दिसत असतील तर तिथून लांब राहावं. आपली ती हौस आहे, त्यांचं पोट आहे. आणि समोर समुद्रात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, तेव्हा जिथं जायची मनाई असेल तिथं जाऊ नये.

फेकण्यापूर्वी मागे बघा. हे वाक्य मी प्रत्येक वेळी म्हणतो आणि तरी एकदा माझाच गळ माझ्याच टोपीत रुतला होता.

हातानं गरवताना तंगूस तर्जनीवरून घ्यावं आणि किंचित ताणून धरावं. बोटाला कळणाऱ्या हालचालींची हळूहळू ओळख होते. लाटेची ओढ लांब आणि संथ असते. टुक टुक टुक अशी बारीक टोचणी म्हणजे चिमुकले मासे आमिष कुरतडताहेत. दोरी हळूच एका बाजूला सरकू लागली तर बहुधा चिंबोरी. आणि दोनदा ठणठणीत ठोका बसून दोरी एकदम पळू लागली की तो खरा मासा.

सर्वांत जास्त मासे इथं सुटतात. पहिल्या टोचणीलाच माणूस दचकून झटका देतो आणि गळ रिकामा वर येतो. टोचणीला काहीच करायचं नाही. ओढ लागली की मनगटानं एक आखूड झटका, बस्स. पाच-सात मिनिटं काहीच कळलं नाही तर आमिष गेलेलं आहे असं समजून गळ वर घ्यावा. रिकाम्या गळाशी तासभर ध्यान लावून बसलेले पुष्कळजण मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो.

काय लागेल हे पाण्याच्या रंगावरही ठरतं. गढुळलेल्या पाण्यात वासावर येणारे शिंगाळा आणि पालू. निवळ पाण्यात नजरेनं शिकार करणारे तांब. नशीब जोरावर असेल तर रावसही. हेकरू लागला तर पहिल्या दोन सेकंदांत त्याला वर खेचावं लागतं, नाहीतर तो बिळात शिरून कल्ले फुगवतो आणि हलत नाही. तसं झालं तर ओढू नका. दोरी पूर्ण सैल सोडून दोन-तीन मिनिटं थांबा. कधीकधी तो आपणहून बाहेर पडतो.

मासा जवळ आला की त्याला दोरीनं उचलायचा मोह होतो. पाण्यात असताना त्याचं वजन दोरीवर नसतं, हवेत आलं की सगळं येतं, आणि गाठ तिथंच जाते. येणाऱ्या लाटेबरोबर त्याला खडकावर सरकू द्यावं, किंवा दांडा लावलेली जाळी वापरावी.

हात लावण्यापूर्वी मासा ओळखा. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी आणि उलट्या दातांचा. पाकटाच्या शेपटीतला काटा त्याहून वाईट. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवावी, त्यानं वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जावं. तुटलेला काटा आत राहिला असेल तर घरी कोरत बसू नये. हातात आल्यावर चेंडूसारखा फुगणारा केंड मासा परत पाण्यात सोडावा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

लहान मासेही सोडावेत. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तो नियम मुळात होडीवाल्यांसाठी असला, तरी तळहातापेक्षा लहान पालू नेऊन आपण करणार काय? सोडताना हात ओला करून धरावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. ठेवायचा असेल तो मासा मात्र उन्हात तडफडत ठेवू नका. लगेच मारावा आणि बर्फात घालावा. घरून निघताना बाटलीत पाणी गोठवून न्यावं, तोच बर्फ आणि परतताना तेच प्यायला.

तुटलेलं तंगूस खडकावर टाकून येऊ नये. पाणबगळ्यांच्या पायात ते गुंतलेलं दिसतं. खिशात कोंबावं आणि घरच्या कचऱ्यात टाकावं.

घरी पोचल्यावर आधी सामान, मग मासा. रॉड, रीळ, गळ सगळं गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवावं. खारं पाणी एका रात्रीत गळावर गंज आणतं, आणि रीळ दोन रविवारांत जाम होतं. तंगुसाचा शेवटचा दोन मीटरचा भाग बोटांमध्ये धरून ओढून बघावा. खरखरीत लागला तर कापून टाकावा. मग कॅलेंडर. आज पंचमी होती, उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी सव्वादहाला. आमिष उरलं असेल तर त्याला मीठ लावून ठेवा.